चालू टॉर्चची दुरुस्ती

आमची टॉर्च पहिल्या वेळी खरोखरच बंद पडली होती, हे आधीच सांगून टाकते. त्या वेळेबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा संशय सुरू झाला तो दुसऱ्या वेळेपासून.

संशय हा माझा जुना धंदा आहे. सगळी नोकरी मी ऑडिटमध्ये काढली. एखाद्या कचेरीत तपासणीला गेले की तिथला बाबू अगत्यानं चहा मागवायचा, आणि चहा जितका लवकर यायचा तितकी मी फाईल जास्त बारकाईनं बघायची. निवृत्त झाले तेव्हा खुर्ची सुटली, नजर सुटली नाही. दूधवाला हसला तर मी आधी दुधाकडे बघते. माझी मुलगी पुण्याला असते. ती म्हणते, आई, तुझ्याशी फोनवर बोलताना सुद्धा मला उगीच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं. वाटू दे. आजवर या नजरेनं मला फारसं फसवलेलं नाही.

आमचे हे अगदी उलट. पारशिवनीजवळच्या गावातले, शेतकरी घरातले. वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. दाब मोजणारी घड्याळं, केसासारख्या स्प्रिंगा, मुंगीएवढे स्क्रू, असलं सगळं काम. बोलणं कमी, आणि जे बोलायचं ते गावच्या बोलीत. माझं माहेर नागपूरच्या महाल भागातलं, घरात सगळे कारकून, तिथे 'मला-तुला' चालायचं. ह्यांचं 'मले-तुले' इतक्या वर्षांत तसूभर बदललं नाही. माझ्या आईला सुरुवातीला ते खटकायचं. मला आवडायचं, कारण असं बोलणारा माणूस काही लपवील असं वाटायचंच नाही.

नागपूरच्या कडेला, बेसाला आम्ही घर बांधलं तेव्हा आजूबाजूला शेतं होती. आता चहूबाजूंनी इमारती झाल्या, पण जरा वारा सुटला की वीज जाते, ते काही बदललं नाही. म्हणून ती टॉर्च. बर्डीच्या बाजारातून ह्यांनीच आणलेली, पिवळ्या प्लास्टिकची, मागे चार्जिंगची दुमडणारी पिन. फ्रिजच्या बाजूला खिळ्यावर टांगलेली असायची. एका संध्याकाळी वीज गेली, मी टॉर्च काढली, बटण दाबलं आणि उजेड आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरलं. ह्यांची दुरुस्तीची एक ठरलेली पद्धत आहे. काठाची स्टीलची ताटली घ्यायची, तिच्या खाली जुन्या स्पीकरचं लोहचुंबक ठेवायचं. काढलेला प्रत्येक स्क्रू ताटलीत ठेवायचा, आणि तोही कसा, तर वस्तूत तो जिथे होता तिथेच. वरचा डावा वर डावीकडे, खालचा उजवा खाली उजवीकडे. ताटलीकडे बघितलं की उघडलेल्या वस्तूचं चित्रच दिसायचं. त्या ताटलीला घरात कोणी हात लावायचा नाही. मुलगी लहान असताना तिला गॅसजवळ गेल्याबद्दल जितका ओरडा बसला नसेल तितका ताटलीजवळ गेल्याबद्दल बसला.

आधी पुढची काळी रिंग फिरवून काढली. मग आतली चकचकीत वाटी निघाली, आणि वाटीच्या तळाशी एका पांढऱ्या चकतीवर पिवळा ठिपका. तोच एलईडी. अख्खा व्हरांडा उजळून टाकणारी वस्तू मसुराच्या दाण्याएवढी असेल असं मला वाटलं नव्हतं. मग मागचं स्टिकर नखानं सोललं. त्याच्याखाली दोन स्क्रू.

"बघा, लपवून ठेवलेत," मी म्हटलं.

"तुले सगळीकडे लपवलेलंच दिसते," हे म्हणाले.

टॉर्चच्या दोन फाका झाल्या. आत एक चौकोनी बॅटरी, एक हिरवी पट्टी, तिच्यावर काही डब्या-ठिपके, आणि लाल-काळ्या तारा. मी बोट पुढे केलं तर म्हणाले, "त्याले हात नको लावू. चार्जिंगचं आहे, पिन काढल्यावरही झटका मारते." मग त्यांनी मला लाल तार दाखवली. बटणाच्या पायाशी ती तुटली होती, आणि पायावर हिरवा गंज चढला होता. ह्यांनी ब्लेडनं गंज खरवडला, सोल्डरिंग गन तापवली आणि तार पुन्हा जोडली.

ह्यांचा सोल्डरचा टाका नेहमी मोहरीएवढा, चकचकीत. हा वाटाण्याएवढा झाला, आणि जरा बाजूला. मी तो बघितला. मी बघितलं हे ह्यांनीही बघितलं.

"गन जुनी झाली," ते म्हणाले.

मी काही विचारलं नव्हतं. न विचारता खुलासा आला की ऑडिटवाल्याचे कान उभे राहतात. पण टॉर्च लख्ख लागली, मी ती खिळ्यावर टांगली आणि विषय तिथेच सोडला.

मग दुसरी वेळ आली. भाजी घेऊन परत आले तर व्हरांड्यात वर्तमानपत्र, ताटली, आणि टॉर्चच्या दोन फाका.

"काय झालं?"

"बंद पडली."

"काल संध्याकाळीच तर मी कपाटामागे लावून बघितली. चांगली लागली होती."

"मग त्याच्यानंतर पडली."

तासाभरानं टॉर्च पुन्हा बंद झाली, म्हणजे स्क्रू लावून बंद झाली, आणि लागलीही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी म्हटलं, हा मालच खराब दिसतो, फेकून द्या, नवीन आणू. त्यावर हे दचकलेच. "काहून? काही नाही झालं तिले. हीच चांगली आहे." दर आठवड्याला बंद पडणारी टॉर्च चांगली कशी, हे मला समजेना. बरं, ह्यांना विचारून उपयोग नव्हता. आमच्या घरात सरळ विचारायची आणि सरळ सांगायची पद्धतच नाही. मी पुरावे गोळा करते, हे गप्प बसतात, आणि संसार चालतो.

आधी मला वाटलं, रिकामपण आहे. नोकरीभर हात चालले, आता निवृत्तीनंतर चालवायला काही नाही, म्हणून हे स्वतःच टॉर्च बिघडवतात आणि स्वतःच नीट करतात. आमच्याच गल्लीत एक निवृत्त गृहस्थ रोज सकाळी नळाचा वॉशर बदलतात. तसंच असेल तर हरकत नव्हती, पण खात्री हवी. मुलीची एक जुनी नेलपॉलिशची बाटली कपाटात पडली होती, गुलाबी. हे आंघोळीला गेले तेव्हा मी टॉर्चच्या एका स्क्रूवर अगदी बारीक ठिपका लावला, अर्धा स्क्रूवर, अर्धा प्लास्टिकवर. ऑफिसात आम्ही कपाटाला लाख लावून सील करायचो, त्यातलाच प्रकार. रोज सकाळी मी टॉर्च लावून बघायची. ती व्यवस्थित लागायची. आणि एक दिवस ठिपका फुटलेला दिसला. अर्धा ठिपका एका बाजूला, अर्धा भलतीकडे. त्या दिवशी सकाळी मी टॉर्च लावून बघितली होती, आणि ती चालू होती.

म्हणजे हे चालू टॉर्च उघडत होते. बिघडवत नव्हते, दुरुस्तही करत नव्हते. नुसती उघडत होते, लावत होते, आणि मला 'बंद पडली' म्हणून सांगत होते. साध्या टॉर्चबद्दल माणूस खोटं कशाला बोलेल?

इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला पटलं. मग मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले, आणि बघायला लागल्यावर एकेक दिसायला लागलं. हे चालताना उजवा हात पँटच्या खिशात ठेवायला लागले होते. पूर्वी अशी सवय नव्हती. मी धुवायच्या आधी खिसा तपासला, तर आत काहीच नाही. रिकाम्या खिशात हात कशाला? दाढी वाढवली होती. "काहून, वाईट दिसून राहिली का?" असं वर मलाच विचारलं. आयुष्यभर बशीत ओतून चहा पिणारा माणूस स्टीलच्या ग्लासात अर्धाच चहा मागायला लागला. फोनवर इतकं हळू बोलायचे की शेजारच्या खोलीत मला शब्द कळू नयेत. एकदा मी सांभारवडी केली. पुण्याकडचे कोथिंबीर म्हणतात तोच सांभार, ताजा, हिरवागार, घरभर त्याचा वास सुटला होता. हे आत आले आणि म्हणाले, "आज काय केलं?" ज्या माणसाला सांभारवडीचा वास फाटकापासून यायचा, त्यानं हे विचारावं! मला वाटलं, मन इथे नाहीच ह्यांचं. मन कुठेतरी दुसरीकडे आहे.

मग दीर गावाहून फोन करायचे. शेतावरच्या मोटरचं स्टार्टर बिघडलं की ते हक्कानं ह्यांना बोलवायचे आणि हे पहिल्या बसनं जायचे. या वेळी मी आतून ऐकलं, हे म्हणाले, "तिथलाच कोणी पाहा गा. मले नाही जमत." काय काम होतं ह्यांना, की भावाच्या मोटरसाठी वेळ नाही, आणि चालू टॉर्च उघडायला मात्र आहे?

आणि सगळ्यांत शेवटी कूलर. नागपुरात मार्च संपता संपता घरोघरचे कूलर माळ्यावरून खाली उतरतात. टाकी घासायची, पंप उघडायचा, बाजूच्या जाळीदार ताट्यांमधला जुना वाळा काढून नवा भरायचा. आमच्या घरात हे काम फक्त ह्यांचं. त्या दिवशी ते बनियनवर असतात, कोणाशी बोलत नाहीत, आणि संध्याकाळी पहिला ओला वारा आला की खुर्ची ओढून समोर बसतात. एका वर्षी ताप होता तरी त्यांनी कूलर दुसऱ्याच्या हातात दिला नव्हता. या वर्षी सकाळी दारात एक कूलरवाला उभा. ह्यांनीच फोन करून बोलावलेला. तो पंपाचे स्क्रू काढून सरळ जमिनीवर टाकत होता, आणि हे बाजूला उभे राहून बघत होते, खिशात हात घालून. मला त्या माणसाला ओरडावंसं वाटलं. ह्यांना नाही वाटलं.

त्या दिवशी मला भीती वाटली, ती साफ सांगते. काय काय मनात येऊन गेलं, ते सगळं लिहिण्यासारखं नाही. या वयात दाढी, हळू आवाजात फोन, घरातल्या कामावरून उडालेलं मन. दुसरी बाई, असंही मनात आलं, आणि ते आल्याबद्दल हसूही आलं, आणि हसू आलं तरी ते गेलं नाही. खरं म्हणजे मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: ह्या एका माणसानं माझ्यापासून काही लपवू नये. त्या भरवशावर मी बाहेरच्या जगावर बिनधास्त संशय घेत फिरले होते. घरी एक ठिकाण असं होतं जिथे मला तपासणी करावी लागत नव्हती. तेच आता गेलं की काय, असं वाटायला लागलं होतं.

तेव्हा मी सापळा लावला. माझी बहीण सक्करदऱ्याला राहते. मे महिन्यातल्या एका दुपारी मी सांगितलं, ताईकडे जाते, संध्याकाळ होईल. मी उन्हात घराबाहेर पाय न टाकणारी बाई, पण हे "जा, जा, सावकाश ये" म्हणाले. इतक्या लगबगीनं म्हणाले की माझी खात्रीच पटली. डोक्याला रुमाल गुंडाळून मी कोपऱ्यापर्यंत गेले, रसवंतीच्या बाकावर बसून उसाचा रस प्यायले, आणि मागच्या गल्लीनं परत आले. मागचं दार मी निघतानाच नुसतं लोटून ठेवलं होतं. चप्पल हातात घेऊन स्वयंपाकघरात शिरले. तिथल्या खिडकीतून व्हरांडा दिसतो.

हे एकटेच होते. कोणी बाई नव्हती, फोन नव्हता. वर्तमानपत्र, ताटली, टॉर्च. टॉर्चच्या फाका त्यांनी जुळवून मांडीत धरल्या होत्या आणि शेवटचे स्क्रू लावायचे राहिले होते. ताटलीतला एक स्क्रू त्यांनी उजव्या हाताच्या चिमटीत धरला. चिमटी भोकाजवळ गेली आणि थरथरायला लागली. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलं, तशी टॉर्च मांडीवरून घसरली. ती सावरली. पुन्हा चिमटी. स्क्रू भोकाच्या कडेला लागला, आणि उडाला. हे खाली बसले, गुडघ्यावर, आणि तळहातानं फरशी चाचपायला लागले, फार सावकाश. स्क्रू सापडला, पण तो उचलता येईना. नखानं फरशीवर सरकवत सरकवत त्यांनी तो भिंतीशी नेला आणि तिथे अडवून कसाबसा उचलला. मग तिथेच, भिंतीला टेकून, जमिनीवर बसून राहिले. उजवा हात मांडीवर होता. त्यात काहीच नव्हतं, तरी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासल्यासारखी हलत होती.

मी खिडकीशी उभी होते आणि एकेक गोष्ट माझ्या डोक्यात आपोआप उलटी होत होती. खिसा. बशी. दाढी. कूलर. भावाची मोटर. सगळे पुरावे खरे होते, फक्त खटला भलताच होता.

आधी मला राग आला. मग मी जशी आले तशी मागच्या दारानं बाहेर गेले, चप्पल घातली, घराला वळसा घालून पुढचं फाटक वाजवत, मोठ्यानं "ताई घरीच नव्हती" असं ओरडत आत आले. मी आत पोचेपर्यंत वर्तमानपत्र गोळा झालं होतं. टॉर्च खिळ्यावर नव्हती. मी ती कुठे आहे असं विचारलं नाही. नोकरीत असताना पुरावा हाती लागला की तो वापरायची मला घाई असायची. त्या दुपारी पहिल्यांदा तो हाती असूनही मला तो नको होता.

संध्याकाळी वादळ सुटलं. धूळ, दारं आपटणं, कुठे तरी पत्रा उडाल्याचा आवाज, आणि ठरल्याप्रमाणे वीज गेली. आम्ही दोघं बैठकीत होतो. मोबाइल चार्जिंगला आत होते. इतका अंधार झाला की मला ह्यांचा चेहरा दिसेना.

"टॉर्च?" मी म्हटलं. ते तोंडातून आपसूक गेलं.

हे उठले नाहीत. म्हणाले, "सोफ्याच्या खाली आहे."

मी चाचपडून काढली. तिला रबर बँड गुंडाळलेला होता. दोन्ही फाका त्यानंच एकत्र धरून ठेवल्या होत्या. बटण दाबलं तर लागली, पण मी लगेच बंद केली. अंधारच बरा वाटला.

"तो गुलाबी ठिपका तूच लावला होता ना?" हे म्हणाले.

"हो."

"मले त्याच दिवशी दिसला. नजर अजून चांगली आहे माही." बाहेर वारा. मग म्हणाले, "हात गेला वं."

मी म्हटलं, "कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. पहिले थोडंसं होतं. मी ठरवलं, ही टॉर्च खोलून मले पुन्हा लावता येते तोवर मी चांगला आहे. तोवर कोणाले सांगायचं नाही. दर आठवड्याले पाहून राहिलो होतो. लागून राहिली होती. वेळ लागे, पण लागे. आज नाही लागली."

"पण मला का नाही सांगितलं? मी काय परकी होते?" माझा आवाज चढला. मला तो चढवायचा नव्हता.

हे वडिलांचं सांगायला लागले. माझ्या सासऱ्यांना मी फक्त खाटेवर बसलेले पाहिले होते. लग्न करून गेले तेव्हापासून ते ओसरीवर खाटेवर, हात मांडीवर, गप्प. मला वाटायचं, म्हातारपण आहे. हे म्हणाले, "बा म्हातारा नव्हता तेव्हा. हात कापायचा म्हणून एकदा दोर वळताना त्याच्या हातून सुटला. आम्ही म्हटलं, राहू दे बा, आम्ही करतो. चांगल्या मनानं म्हटलं. मग वखराले हात लावला की राहू दे. कुऱ्हाड घेतली की राहू दे. आई ताट वाढून तोंडापुढे धरे. तो मग बसला. तो कंप्यानं नाही बसला, आम्ही बसवला त्याले. मले माहीत होतं, तुले सांगतलं की तू पहिले म्हणशील, राहू द्या, मी करते."

मी तेच म्हणणार होते. जिभेच्या टोकावर होतं. टॉर्च माझ्या हातात होती, आणि उद्या मीच हिचे स्क्रू लावून टाकीन, असं माझं मनात म्हणूनही झालं होतं. मी रबर बँड नीट केला, टॉर्च ह्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "लावा ना जरा. मेणबत्ती कुठे ठेवली ते दिसत नाही." ह्यांनी दोन्ही हातांनी धरून टॉर्च लावली. उजेड भिंतीवर हलत होता. मी त्याकडे बघितलं नाही, मेणबत्ती शोधत राहिले.

डॉक्टरकडे जायला त्यांनी अजून बराच वेळ घेतला. आज ऊन आहे, उद्या एकादशी आहे, परवा भाऊ येणार आहे. शेवटी एका सकाळी मीच रिक्षा दारात आणून उभी केली. डॉक्टर तरुण होते, मेंदूच्या आजारांचे, सावकाश बोलणारे. त्यांनी ह्यांना चालायला लावलं, अंगठा आणि बोट भराभर टेकवायला लावलं, हात मोकळे सोडून बसायला लावलं. मग म्हणाले, तुम्हाला कधीपासून काय काय वाटतं ते सांगा.

हे म्हणाले, "काही नाही, थोडासा हात हलते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी बोलायला लागले. मला वाटलं होतं मी दोन वाक्यं बोलेन. पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. कोणत्या सणाच्या सुमारास चालताना उजवा हात हलायचा बंद झाला. आवाज कधीपासून उतरला, आणि तो फोनवरच नाही तर माझ्याशी बोलतानाही उतरला. कोणत्या गुंड्या आधी जमेनाशा झाल्या, वरच्या की मनगटाच्या. डॉक्टर लिहीत होते. मध्येच त्यांनी विचारलं, वासाचं काही? मी सांभारवडीचं सांगितलं, तशी त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, हे फार उपयोगी आहे. मग विचारलं, झोपेत हातपाय झाडतात का, ओरडतात का? हे म्हणाले, "छे." मी म्हटलं, झाडतात. गेल्या वर्षभरापासून. कधी उशीला बुक्का मारतात, कधी कोणाला तरी "धर, धर" म्हणतात. मला हे इतकं नेमकं माहीत होतं, कारण कूलरच्या त्या दिवसानंतर झोपेत हे कोणाचं नाव घेतात का, ते ऐकायला मी रात्री जागी राहत होते. ते कारण मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. बरा होत नाही, पण गोळ्यांनी पुष्कळ दिवस ताब्यात राहतो. आणि म्हणाले, सहसा घरच्यांना इतकं काही सांगताच येत नाही, तुम्ही फार लक्ष ठेवलंत. हातांना काम मात्र देत राहा, ते बंद करू नका.

मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले, कारण मला आता डॉक्टरांकडेही बघवेना आणि ह्यांच्याकडेही. मनात येत होतं की मी हे सगळं ह्या माणसाला पकडायला गोळा केलं होतं, आणि हा आता ते ऐकून घेतोय, आणि ह्याला कळणार, नक्की कळणार. हे बराच वेळ माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं झाली लग्नाला, पण असं बघितलेलं मला आठवत नाही.

"मले वाटे," ते हळूच म्हणाले, "आता माह्याकडे कोणी पाहात नाही. इतकं पाहून राहिली होती वं तू मले?"

मी हो म्हटलं.